रद्दी लिहिलेलं खोकं

घर बदलणं म्हणजे काय मोठं, असं फौजदाराचं ठाम मत होतं. माणसं उगाच बाऊ करतात. चार खोल्यांतलं सामान उचलायचं, दुसऱ्या चार खोल्यांत ठेवायचं, संपलं! "नियोजन लागतं, बाबा, नियोजन," असं ती चमच्याने कप वाजवत म्हणाली तेव्हा बाबांनी नुसती मान डोलावली, कारण त्यांच्या तोंडात बिस्कीट होतं. मान डोलावली म्हणजे नेमणूक झाली, असं तिने धरून टाकलं.

फौजदार म्हणजे कुणी झुबकेदार मिशांचा गृहस्थ नव्हे. फौजदार म्हणजे नववीची परीक्षा नुकतीच संपवलेली आणि दोन वेण्यांवरून एका पोनीटेलवर बढती मिळालेली मुलगी. आदल्या वर्षापर्यंत ती वर्गात इतक्या हळू "हजर" म्हणायची की बाई तिला निम्म्या वेळा गैरहजर मांडायच्या. मग शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत एक मुलगी आयत्या वेळी आजारी पडली, तिच्या जागी हिला ढकललं, आणि ही पहिली आली. तेव्हापासून त्या घरात दुसऱ्या कुणाचा आवाज फारसा ऐकू आलेला नव्हता. 'फौजदार' हे नाव बाबांनी ठेवलं, ते टोमणा म्हणून. तिने ते पदक म्हणून छातीवर लावलं.

आत्मविश्वासाच्या पाठोपाठ सही आली. जुनी सही म्हणजे नुसतं नाव लिहिणं. नव्या सहीत पहिलं अक्षर फणा काढल्यासारखं उभं राहायचं, शेवटच्या अक्षरातून एक फराटा निघून सगळ्या नावाखालून मागे यायचा आणि त्याच्याखाली दोन टिंबं पडायची. टिंबं का, हे तिला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिच्याकडे उत्तर तयार होतं. पंचाईत एकच होती, चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीची सही जगात कुणालाच नको असते. त्यामुळे दारात कुरिअरवाला आला की ती अशी धावायची, जणू तो तिच्यासाठी रथ घेऊन आलाय.

ही सही लक्षात ठेवा. पुढे ती फार महागात पडणार आहे.

घर बदलायचं कारण मात्र बाबांच्या उजव्या गुडघ्याचं होतं. घर चौथ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही. ऑपरेशन झाल्यापासून बाबा जिना चढायचे तो घाट चढावा तसा, मुक्काम करत करत. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी त्यांच्यासाठी दाराबाहेर एक खुर्चीच ठेवून दिली होती. "काकू, आता भाडं लावा मला," असं बाबा तिच्यावर बसून म्हणायचे. हसत म्हणायचे, पण घरात पोचल्यावर दहा मिनिटं कुणाशी बोलायचे नाहीत. डॉक्टरांनी बजावलं होतं, जिना बंद करा, नाहीतर पुन्हा टेबलावर घ्यावं लागेल.

म्हणून तळमजल्यावरचं घर शोधलं. ते होतं दातांच्या एका डॉक्टरांचं. मागे हातरुमालाएवढं अंगण आणि पुढे एकच पायरी. आईने बाकी काही पाहिलंच नाही. ती त्या पायरीवर चढली, उतरली, पुन्हा चढली आणि म्हणाली, "हेच घ्यायचं."

आणि चौथ्या मजल्यावरचं घर घ्यायला तयार झाल्या हेडबाई. निवृत्त मुख्याध्यापिका, काठीसारख्या सरळ, चष्म्यावरून बघणाऱ्या. "पस्तीस वर्षं जिने चढले ते कार्ट्यांच्या मागे," त्या म्हणाल्या, "आता स्वतःसाठी चढेन." आपलं जुनं घर विकून त्या मोकळ्या झाल्या होत्या आणि तोवर बहिणीकडे सोफ्यावर झोपत होत्या. सोफा त्यांच्यापेक्षा अर्धा हात आखूड होता.

म्हणजे हेडबाईंचा व्यवहार झाला की बाबांचा होणार, बाबांचा झाला की दातांच्या डॉक्टरांची सुटका. एकाचं अडलं की सगळ्यांचं अडलं. आणि हे सगळं ज्यांच्या हातात होतं त्या एजंटकाकांना एकच वाक्य येत होतं, "झालंच समजा."

फौजदाराने ते खरंच झालंच समजून पहिल्याच आठवड्यात सगळं घर खोक्यांत भरून टाकलं.

आता तिची पद्धत सांगायला हवी. सामान नेणारी माणसं परकी, जिन्यात चार लोक बघणार. खोक्यावर 'महत्त्वाची कागदपत्रं' असं लिहिणं म्हणजे चोराला पत्ता लिहून देणं. "चोराच्या डोक्याने विचार करायला पाहिजे," असं स्वतःशी म्हणत तिने प्रत्येक खोक्यावर आत नसलेल्याच वस्तूचं नाव लिहिलं. काचेच्या ग्लासांवर 'उशा'. चहा-साखरेवर 'खिळे आणि हातोडी'. गाळण्या, झारे, पळ्या यांच्यावर 'शोभेच्या वस्तू'. एकेकट्या उरलेल्या जुन्या चपला आणि मोडक्या छत्र्या यांच्यावर लाल शाईने 'अतिमहत्त्वाचे, जिवापाड जपा'. आणि घराची कागदपत्रं, बाबांच्या गुडघ्याचे रिपोर्ट आणि स्वतःचं वक्तृत्वाचं प्रमाणपत्र ज्या खोक्यात होतं, त्याला तीन वेढे चिकटपट्टी मारून वर सुबक अक्षरात लिहिलं, 'रद्दी'.

कशात काय आहे ते एका निळ्या वहीत लिहून ठेवलं होतं. वही कुठे आहे ते तिने कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर गुपित कसलं?

व्यवहार मात्र हलेना. एक आठवडा गेला, दोन गेले, पाच गेले. माणसं खोक्यांच्या बोळांतून आडवी होऊन चालू लागली. जेवण खोक्यावर, इस्त्री खोक्यावर.

"गाळणी कुठे गं?" आई विचारायची.

"शोभेच्या वस्तूंत."

"गाळणी?"

"आई, पद्धत आहे."

एकदा बाबांनी दुखरा पाय टेकवायला म्हणून 'उशा' जवळ ओढल्या. फौजदार अशी किंचाळली की बाबांनी दोन्ही पाय एकदम वर घेतले. ऑपरेशननंतर एवढी चपळाई त्यांनी पहिल्यांदाच दाखवली.

घोडं अडलं होतं एका कागदापाशी. घराचं मूळ खरेदीखत. ते तपासायला वकीलसाहेबांकडे गेलं होतं, ते परत आल्याशिवाय विक्रीची नोंदणी होणार नव्हती. एजंटकाका म्हणत, "कागद वकिलांकडे आहे, झालंच समजा." वकिलांच्या ऑफिसात फोन केला की त्यांचा कारकून म्हणे, "साहेब कोर्टात आहेत." साहेब कोर्टातच राहतात, तिथेच त्यांना जेवणाचा डबा जातो, असं घरातल्यांना वाटू लागलं होतं. मग एका मंगळवारी कारकून म्हणाला, "कागद तर आम्ही केव्हाच परत पाठवला."

"कुणाकडे?" बाबांनी विचारलं.

"ज्याचा त्याच्याकडे," असं म्हणून त्याने फोन ठेवला.

त्याच संध्याकाळी दातांच्या डॉक्टरांचा फोन आला. माणूस फार सभ्य. दात काढताना बोलतात तशा आवाजात म्हणाले, "शनिवारपर्यंत थांबतो. दोन कुटुंबं घर बघून गेलीत. माझाही नाइलाज आहे."

आई 'खिळे आणि हातोडी'वर बसली ती बसूनच राहिली. बाबा म्हणाले, "नाही तर नाही. जिना काय, सवयीचा आहे." आणि आपला हात नकळत गुडघ्यावर ठेवून बसले. फौजदाराने तो हात पाहिला. इतकी मोठी माणसं, एक कागद सांभाळता येत नाही? वर्गात एवढ्यासाठी बाकावर उभं करतात!

एजंटकाकांनी फोनवर 'घर' नावाचा ग्रुप केला होता. त्यात हेडबाई होत्या, दातांचे डॉक्टर होते, वकिलांचा कारकून होता, आई-बाबा होते. फौजदार नव्हती. ही चूक तिने बुधवारी सकाळी दुरुस्त केली. आईचा फोन उचलला, आतल्या खोलीत गेली, खिडकीकडे तोंड करून स्पर्धेत उभी राहायची तशी उभी राहिली आणि सगळ्यांना आवाजी निरोप पाठवायला सुरुवात केली.

चार मिनिटं अकरा सेकंद. सुरुवात 'जबाबदारी म्हणजे काय' इथून होती. मग एका कागदासाठी ताटकळलेली तीन घरं आली, चौथा मजला आला, एका गुडघ्याची व्यथा आली. तिचा आवाज इतका लागला होता की मध्येच आई दारात येऊन काहीतरी विचारून गेली तेव्हा तिने मान न वळवता, हात हलवून तिला वाटेला लावलं. वक्त्याने लय तुटू द्यायची नसते. शेवटी आवाज खाली घेत ती म्हणाली, "हा कागद कुणाच्या तरी हातात पडला. त्या व्यक्तीने तो निष्काळजीपणे कुठेतरी टाकला आणि आता ती गप्प बसली आहे. ती व्यक्ती हे ऐकत असेल, तर तिला लाज वाटली पाहिजे. धन्यवाद."

निरोप पाठवला आणि ती टाळ्यांची वाट बघत थांबली.

दातांच्या डॉक्टरांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. एजंटकाकांनी लिहिलं, 'झालंच समजा.' हेडबाईंनी लिहिलं, 'ऐकलं. पूर्ण ऐकलं.' मग वकिलांच्या कारकुनाने एक फोटो पाठवला.

फोटो कुरिअरच्या पावतीचा होता. पाठवणार, वकीलसाहेब. मजकूर, मूळ खरेदीखत. तारीख तीन आठवड्यांपूर्वीची. आणि खाली, 'मिळाले' या शब्दासमोर, फणा काढून उभं असलेलं एक अक्षर, मागे वळलेला फराटा आणि दोन टिंबं.

फौजदाराने फोटो मोठा केला. टिंबंही मोठी झाली.

तिला ती दुपार आठवली. तपकिरी लिफाफा, जाडजूड. कुरिअरवाला म्हणाला होता, "घरात मोठं कुणी आहे का?" आणि ती म्हणाली होती, "मीच आहे." लिफाफ्यावर लाल शिक्का दिसला म्हणजे आत महत्त्वाचंच असणार, एवढं तिने ओळखलं. उघडून बघायची गरज वाटली नाही, महत्त्वाच्या वस्तूची जागा तर ठरलेलीच होती. चिकटपट्टी सोडवून तिने तो खोक्यात ठेवला, पुन्हा तीन वेढे मारले आणि एक काम नीट झाल्याच्या समाधानात मैत्रिणीकडे गेली. घरी सांगायचं राहून गेलं. काखेत कळसा असूनही माणूस गावाला वळसा घालतो म्हणतात. हिने तर वळसा घालता घालता गावाला शिव्याही घातल्या होत्या.

पण असू दे. कागद खोक्यात आहे ना? मग अब्रू गेली तरी घर वाचलं. ती धावत पुढच्या खोलीत आली. दाराजवळच्या भिंतीशी, जिथे ते खोकं होतं, तिथे फरशीवरच्या धुळीत एक स्वच्छ चौकोन होता.

"आई, इथलं खोकं?"

"कुठलं? रद्दीचं?" आई चादरीच्या घड्या घालत होती. "दिलं की मघाशी. हेडबाईंना कपाटाची मापं घ्यायला यायचंय, म्हटलं दाराशी तरी पाय ठेवायला जागा होईल."

"दिलं? मला न विचारता?"

"विचारलं होतं गं."

"कधी? मला कुणी काही विचारलेलं नाही. आई, मी शपथेवर सांगते."

"बरं, नाही विचारलं," आई म्हणाली. तिला भांडायचं त्राण नव्हतं. तेवढ्यात फौजदाराच्या हातातला फोन वाजला. ग्रुपवर हेडबाईंचा निरोप होता. 'तुमचा निरोप मी दोनदा ऐकला. तिसरं मिनिट आपण सर्वांनी पुन्हा ऐकावं असं सुचवते.'

बाबा आरामखुर्चीतून म्हणाले, "लाव बघू."

तिने लावलं. तिसऱ्या मिनिटाला तिचाच खणखणीत आवाज सांगत होता, "कागद म्हणजे केवळ कागद नव्हे, तो एका कुटुंबाचा विश्वास असतो." आणि त्याच्या मागे, दुरून, आईचा आवाज, "अगं, रद्दीवाले काका आलेत. ते रद्दीचं खोकं देऊन टाकू का?" मग हात हलवल्याची सळसळ, आणि पुन्हा खणखणीत आवाज, "हो, हो, टाक देऊन, मी महत्त्वाच्या कामात आहे." आणि लगेच, तसूभरही न चुकता, "...आणि विश्वास टाकून देता येत नाही!"

आईच्या हातातली चादर घडी न होता तशीच राहिली. सहा जणांनी हे ऐकलं होतं. हेडबाईंनी दोनदा.

"त्या खोक्यात रद्दी नव्हती," फौजदार म्हणाली. तिचा आवाज जुन्या हजेरीच्या पट्टीत गेला होता.

"मग काय होतं?" आईने विचारलं.

"सगळं."

"सगळं म्हणजे?"

"घराचे सगळे कागद. वकिलांकडून आलेला तो लिफाफा. बाबांचे रिपोर्ट. आणि निळी वही."

"वही पण त्याच्यात?"

"ते सगळ्यात सुरक्षित होतं ना," असं म्हणता म्हणता तिला स्वतःच्या वाक्याचा अर्थ कळला आणि ती थांबली.

रागावणं, ओरडणं, एखादा धपाटा, यातलं काहीही तिला त्या क्षणी चाललं असतं. बाबा नुसते उठले, भिंतीला धरून चपला घातल्या आणि दार उघडून जिना उतरायला लागले. आई म्हणाली, "अहो, थांबा, तुम्ही कुठे..." पण ते वळणावर गेलेसुद्धा. घाई झाली की माणसाला गुडघा आठवत नाही. गुडघ्याला मात्र सगळं आठवतं.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर फौजदाराने त्यांना गाठलं. ते पायरीवर बसले होते, कठड्याची सळई दोन्ही हातांनी धरून. कपाळावर घाम होता. ना वर जाता येत होतं, ना खाली.

"मी बसतो इथे," ते म्हणाले. "तू जा पुढे. पळ."

ती पळाली. पळताना तिच्या डोळ्यांपुढे सळई धरलेल्या त्या मुठीच येत होत्या.

रद्दीचं दुकान दोन गल्ल्या पलीकडे, पत्र्याच्या शेडमध्ये होतं. वाटेत तिने मनातल्या मनात तीन भाषणं तयार केली. एक विनवणीचं, एक कायद्याचं आणि एक रडण्याचं. दुकानात वर्तमानपत्रांचे थप्पे छपरापर्यंत गेले होते, मध्ये मोठा तराजू, आणि तराजूशेजारी स्टुलावर रद्दीवाले काका दोऱ्याने बांधलेला चष्मा लावून मागच्या आठवड्याचं वर्तमानपत्र वाचत होते.

"काका, सकाळी..." तिला धाप लागली होती. तिन्ही भाषणं जिन्यातच राहिली होती. "चौथा मजला. खोकं."

काकांनी चष्म्यातून तिच्याकडे पाहिलं. "रद्दी लिहिलेलं?"

"हो."

"तुझं होय ते अक्षर?"

"हो."

ते उठले आणि स्टुलाच्या मागून, पोतं झाकून ठेवलेलं खोकं त्यांनी बाहेर ओढलं. तिन्ही वेढे जसेच्या तसे. फौजदाराला ते मिठीत घ्यावंसं वाटलं. मिठीत मावण्यासारखं नव्हतं म्हणून राहिलं.

"तुम्ही उघडलं नाहीत?"

"कशाला उघडू? येणारच होतं कुणीतरी." काका पुन्हा स्टुलावर बसले. "चाळीस वर्षं रद्दी उचलतोय मी. लोक रद्दी सुतळीने बांधतात, पिशवीत कोंबतात, पायाने ढकलतात. रद्दीवर 'रद्दी' असं कुणी लिहीत नाही गं. तेही इतक्या सुंदर अक्षरात, शिवाय तीन वेढे पट्टी. मी हातगाडीवर ठेवलं तेव्हाच म्हटलं, यात एकतर सोनं आहे, नाहीतर कुणाचं तरी डोकं चाललंय."

"चोराला कळू नये म्हणून लिहिलं होतं."

"चोर आला असता तर बाकी सगळं सोडून त्याने आधी हेच उचललं असतं," काका शांतपणे म्हणाले. मग त्यांनी एक लांबट वही पुढे केली. "आलेला माल परत दिला की लिहून घेतो मी. इथे सही कर."

वहीतल्या त्या रेघेकडे ती बघत राहिली. आजवर सहीसाठी ती धावत गेली होती. आज तिने पेन सावकाश उचललं. तिने बारीक अक्षरात नुसतं नाव लिहिलं. फणा नाही, फराटा नाही. टिंबं तर नाहीतच.

"वाचता येतंय," काका म्हणाले. "बरं झालं. हल्ली लोक काहीतरी नागमोडी काढतात."

ती खोकं घेऊन परतली तेव्हा बाबा तिथेच बसले होते. शेजारी आई होती, आणि काकूंची खुर्ची एक मजला उतरून खाली आली होती, पण बाबांना पायरीवरून खुर्चीत जाणंही जमलं नव्हतं.

"मिळालं?" बाबांनी विचारलं.

"मिळालं."

ती त्यांच्या समोरच्या पायरीवर बसली. खोकं मांडीवर. सकाळी चार मिनिटं अकरा सेकंद न थांबता बोललेल्या त्या मुलीला आता दोन शब्द सापडेनात. शेवटी ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटली.

"काय? मोठ्याने बोल," बाबा म्हणाले. "मागच्या बाकावर ऐकू येत नाही."

"चुकलं माझं, बाबा."

बाबांनी तिच्या मांडीवरच्या खोक्यावरची अक्षरं वाचली, आणि इतका वेळ दाबून धरलेलं हसू त्यांच्या नाकातून निसटलं. गुडघा हलला म्हणून लगेच "आई गं" म्हणाले. मग तिच्या खांद्यावर हात टाकून उठले. दोन जिने चढायला त्यांना पंचवीस मिनिटं लागली. एका हाताने आईने खोकं धरलं होतं, एका खांद्यावर फौजदाराने बाबा. प्रत्येक पायरीला त्यांचं वजन तिच्यावर यायचं आणि प्रत्येक पायरीला तिला वाटायचं, ही पायरी आपल्यामुळे.

ग्रुपवर काय लिहायचं याचा तिने दुपारभर विचार केला. लांबलचक लिहिलं, पुसलं. पुन्हा लिहिलं, पुसलं. शेवटी फक्त 'कागद मिळाला. माझ्याकडेच होता. माफ करा' एवढंच पाठवलं. कारकुनाने अंगठा पाठवला. दातांच्या डॉक्टरांनी पुन्हा हात जोडले, त्यांना बहुधा तेवढंच येत असावं. हेडबाईंनी लिहिलं, 'हा निरोप पहिल्यापेक्षा चांगला आहे. मुद्द्याला धरून आहे.'

शुक्रवारी नोंदणी झाली. सोमवारी दातांच्या डॉक्टरांची झाली. एजंटकाकांनी पेढे दिल्यासारखा चेहरा करून सगळ्यांना सांगितलं, "मी म्हटलंच होतं."

सामान हलवतानाचं फार सांगत नाही. सामान नेणाऱ्यांनी 'उशा' जिन्यातून एकमेकांकडे झेलत झेलत उतरवल्या, एवढंच सांगते. निळी वही आता आईच्या कमरेला होती, पण ती उघडून "अहो थांबा, त्या उशा नाहीत" असं म्हणेपर्यंत उशांचा खळकन आवाज झाला होता. बाबा मात्र नव्या घराच्या त्या एका पायरीवर बसून सगळ्यांना सूचना देत होते. तासाभरात ते उगाचच तीन वेळा आत गेले आणि तीन वेळा बाहेर आले.

तिसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. फौजदाराने उघडलं. दारात हेडबाई. घामाघूम, चष्मा नाकाच्या टोकावर, आणि दोन्ही हातांत छातीशी धरलेलं एक खोकं. त्यावर लाल शाईने लिहिलं होतं, 'अतिमहत्त्वाचे, जिवापाड जपा'.

"माळ्यावर राहिलं होतं तुमचं," हेडबाई म्हणाल्या. "हमालाच्या हाती द्यायचं धाडस होईना. चार मजले स्वतः उतरवलं, टॅक्सीत मांडीवर घेऊन आले. दर खड्ड्याला त्याला म्हटलं, बाबा रे, हळू."

फौजदाराचे कान तापले. तिने खोकं घेतलं. आत चपला एका बाजूला घसरल्या.

"बाई, त्या निरोपाबद्दल..."

"झालं ते झालं," हेडबाई पायरीवर टेकत म्हणाल्या. "पस्तीस वर्षांत मी एक शिकले. ज्या पोराने एकदा महत्त्वाची वस्तू हरवली, ते पुढच्या वेळी जिवापाड जपतं. हे बघूनच कळतंय मला. आत काय आहे ते मी विचारणार नाही."

फौजदाराने मनातल्या मनात देवाचे आभार मानले. विचारू नका, बाई. कधीच विचारू नका.

"कोण आलंय गं?" आतून आईने आवाज दिला. "आणि अगं, ते जुन्या चपलांचं खोकं कुठे दिसलं का? माळ्यावरून फेकून द्यायचं राहिलंच बघ!"

हेडबाईंनी खोक्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या हातांवरच्या लाल वळांकडे. मग चष्म्यावरून फौजदाराकडे. पस्तीस वर्षांत किती पोरांनी ही नजर झेलली असेल आणि त्यातली किती आज धडपणे चालत असतील, देव जाणे.

"चपला?" त्या म्हणाल्या.

"एकेकट्या," फौजदार म्हणाली. आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. "आणि मोडक्या छत्र्या."

हेडबाईंनी एक खोल श्वास घेतला आणि पदराने घाम पुसला.

"चहा तरी मिळेल का एक कप?"

"हो, बाई. लगेच," फौजदार खालच्या मानेने म्हणाली आणि आत वळून हाक मारली, "आई, ते खिळे आणि हातोडीचं खोकं उघड ना."